हनुक्काचे दिवे: यजमानाने करावयाची तयारी

डिसेंबरात गोव्यात उतरणाऱ्या पाहुण्यांमध्ये इस्राएलहून आलेली कुटुंबेही असतात, आणि ज्यांच्या घरी ती राहतात त्यांना हनुक्का या ज्यूंच्या सणाच्या आठ संध्याकाळी दिव्यांची मांडामांड करून देण्याचा प्रसंग येतो. 2026 साली हा सण 4 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होईल. दिवे लावणे व प्रार्थना म्हणणे हे पाहुण्यांचेच काम. यजमानाने जागा, तेल आणि वेळ एवढे सांभाळावे.

सणामागची कथा अशी. अँटिओकस चौथा या राजाने ज्यूंच्या धर्माचरणावर बंदी घालून जेरुसलेमचे मंदिर विटाळले, तेव्हा मक्काबी या ज्यू घराण्याने बंड केले आणि इ.स.पू. 164 मध्ये मंदिर शुद्ध करून पुन्हा अर्पण केले. मुख्य पुरोहिताची मोहर शाबूत असलेली तेलाची एकच कुपी तेथे सापडली आणि एका दिवसापुरते असलेले ते तेल आठ दिवस जळले, असे तालमूद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. मंदिरातल्या मेनोराला, म्हणजे दीपवृक्षाला, सात दिवे होते. हनुक्काच्या मेनोराला नऊ असतात. आठ रात्रींचे आठ, आणि नववा ‘शमाश’, म्हणजे सेवक.

आठही दिवे एका ओळीत आणि एकाच उंचीवर हवेत, शमाश तेवढा उंच किंवा बाजूला. पहिल्या रात्री लावणाऱ्याच्या उजव्या टोकाला एकच दिवा ठेवतात आणि पुढे रोज त्याच्या डावीकडे एकेक वाढवत नेतात. पेटवताना मात्र नव्या, म्हणजे सर्वांत डावीकडच्या दिव्यापासून सुरुवात करून उजवीकडे जातात. दिवे वाढवत न्यावेत हे हिलेल या प्राचीन ज्यू धर्मपंडिताच्या पंथाचे मत. दुसरा धर्मपंडित शम्माय याचा पंथ आठापासून उतरत जावे म्हणत असे. शमाश धरून आठ रात्रींना 44 मेणबत्त्या लागतात. पेटता शमाश हातात घेऊन आधी आशीर्वचने म्हणायची, पहिल्या रात्री तीन आणि नंतर दोन, आणि मग त्याच ज्योतीने बाकीचे दिवे लावायचे.

एकदा ऐन वेळी वीज गेली आणि मी बिलाची वही घेऊन मेनोराजवळ वाचायला बसलो. पाहुण्या आजींनी काही न बोलता टेबलावर दुसरी मेणबत्ती आणून ठेवली. त्या आठ दिव्यांकडे फक्त पाहायचे असते, त्यांच्या उजेडात काम करायचे नसते. शमाश जवळ असतो तो चुकून उजेड वापरला गेलाच तर तो त्याचा ठरावा म्हणून. आपल्या समईसारखा हा घर उजळणारा दिवा नव्हे.

जागा रस्त्याकडच्या खिडकीची द्यावी, कारण चमत्कार जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसावा हाच हेतू असतो. मात्र संकटकाळी दिवा आत टेबलावर ठेवला तरी चालतो, अशी सवलत तालमूदानेच दिली आहे. गोव्यात ही सवलत नुसती पोथीतली वाटत नाही: 1560 ते 1812 या काळात, मधली काही वर्षे सोडता, येथे इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय, होते, आणि ज्याच्या नावाने पणजीत उद्यान आहे त्या वैद्य गार्सिया द ओर्ताच्या अस्थी, तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता म्हणून, मृत्यूनंतर 12 वर्षांनी, 1580 मध्ये, उकरून जाळण्यात आल्या. खिडकीत वारा फार येत असेल तर काचेची पेटी शोधावी. दिवा आत नेण्याची घाई करू नये.

ऑलिव्हचे तेल उत्तम मानतात, पण स्वच्छ जळणारे कोणतेही चालते. कोकणातले मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, जे घाण्यावर तेल काढत व शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जात, ते खोबरेल वापरत आले आहेत. डिसेंबरच्या गारव्यात खोबरेल बाटलीत थिजते, म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी.

दिवे अंधार पडल्यावर किमान अर्धा तास जळावेत. शुक्रवारी शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे सूर्यास्तापूर्वी लावतात आणि हनुक्काचे त्याही आधी, म्हणून तेल दीड तासाचे घालावे. यंदाची पहिलीच रात्र शुक्रवारची आहे, तेव्हा साडेपाचपर्यंत सर्व मांडून ठेवावे. शब्बाथ लागल्यावर त्या दिव्यांना हात लावायचा नाही, तेल घालायचे नाही, विझवायचेही नाही. शनिवारी रात्री तो संपल्यावरच पुढचे लावायचे. वाटीत उरलेले तेल स्वयंपाकघरात नेऊ नये. ते पुढच्या रात्रीच्या दिव्यात घालावे, आणि आठव्या रात्रीनंतर उरलेच तर जाळून टाकावे.