यातली माझी थापी कुठली?

श्रमावर, विसरल्या गेलेल्या माणसांवर शिल्प करायचंय म्हणणारे नवे विद्यार्थी भेटले की मला धास्ती वाटते आणि मायाही. साचा, ओतकाम, आर्मेचर (शिल्पाच्या आतला आधाराचा सांगाडा) तुम्हाला येतंच. मी जिथे आपटले ती एक जागा तेवढी दाखवते.

पहिल्या मोठ्या कामासाठी मी गवंड्यांच्या चाळीस जुन्या थाप्या जमवल्या. सगळ्या एकाच टबात भिजत घातल्या, तारेच्या ब्रशने घासल्या, लाकडी मुठी पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या. का, तर सिलिकॉनचा साचा स्वच्छ यावा. ब्राँझमध्ये ओतून प्रदर्शनात एका रांगेत टांगल्या. कौतुकही झालं. चौथ्या दिवशी थापी देणारे एक म्हातारे गवंडी आले. रांगेसमोरून दोनदा फिरले आणि म्हणाले, "पोरी, यातली माझी थापी कुठली?"

मला सांगता आलं नाही. त्यांच्या मुठीला अंगठा टेकतो तिथे खळगा पडला होता, दोन कडांचा. मध्यंतरी बोट दुखावलं तेव्हा ते वर्षभर पकड बदलून काम करत होते, म्हणून दुसरी कड. हे त्यांनी रिकामा हात धरून दाखवलं. मी तोच खळगा घासून सपाट केला होता. माझ्या कामाच्या टिपणात 'स्मृती' हा शब्द सहा वेळा होता.

म्हणून सांगते, घासू नका. धुऊसुद्धा नका. वस्तू हातात आली की आधी दोऱ्याने चिठ्ठी बांधा: कोणाची, किती वर्षं वापरली, कशी धरायचे, परत हवी का. चारही बाजूंनी फोटो घ्या, आणि एक त्या माणसाच्या हातात असतानाचा. लाकूड सच्छिद्र असतं, त्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वार्निशचा, हात द्यावा लागेल; त्याचीही परवानगी घ्या. साच्याची भिंत गंधक असलेल्या मॉडेलिंग क्लेने बांधू नका. प्लॅटिनम उत्प्रेरकाने घट्ट होणारं सिलिकॉन तिच्या संपर्कात चिकटच राहतं, मग ते काढायला पुन्हा खरवडणं आलंच. "शिल्पात वापरू का?" एवढं विचारून भागत नाही. ओतल्यावर मूळ वस्तूचं काय, काम विकलं गेलं तर काय, नाव द्यायचं की नाही, तेही विचारा. काहींना नाव नकोच असतं.

शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी कोलंबियातल्या बेपत्ता माणसांचे जोडे भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवले, त्यावर गाईच्या मूत्राशयाचा पातळ पापुद्रा ताणून शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने शिवला. जोडे झिजलेले, तसेच. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात 'संथाळ कुटुंब' उभं केलं ते सिमेंट आणि लॅटेराइटच्या (जांभ्या दगडाच्या) खडीत. तो खडबडीतपणा त्यांनी गुळगुळीत केला नाही. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांनी १९९३ मध्ये लंडनमधल्या एका घराच्या आतली पोकळीच काँक्रीटमध्ये ओतली; भिंती काढल्यावर दारं-शेकोट्यांचे ठसे बाहेर आले. १९९४ च्या जानेवारीत ते काम पाडलं गेलं. या तीन कामांपुढे तासन्‌तास बसा, निदान फोटोंपुढे तरी.

थ्री-डी स्कॅन करून प्रिंट काढायचा सल्ला मिळेल. माझं मत वाईट आहे: वस्तू तासभर हातात धरल्याशिवाय ती तुम्हाला कळत नाही. आणि गुरू निवडताना त्यांच्या कॅटलॉगमध्ये साचेकाराचं, ओतकाम करणाऱ्याचं नाव आहे का बघा. श्रमावर शिल्प आणि श्रमिकाचं नाव नाही, अशा ठिकाणी राबू नका. दगड-सिमेंट ओलं करूनच कापा, मास्क लावा. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं गेली तर ती परत मिळत नाहीत.

घाबरू मात्र नका. चूक झाली तर त्या माणसाकडे परत जाता येतं. मी थापी परत द्यायला गेले. काकांनी ती धरून पाहिली आणि म्हणाले, "आता बसत नाही हातात." दुसऱ्या खेपेला मी कोमट पाण्यात मऊ केलेला मेणाचा गोळा नेला आणि विचारलं, थापी धरायचात तसा धराल का? त्यांनी धरला. मेण गार व्हायच्या आत त्यांनी अंगठा उचलला, जरासा सरकवून पुन्हा दाबला. खळग्याला दोन कडा आल्या.