ऊसतोड कुटुंबांसाठी गावात मोबाईल-साक्षरतेचा वर्ग कसा उभारावा

जत, आटपाडी किंवा माण तालुक्यातील गावात असा वर्ग सुरू करताना पहिला विचार यंत्रांचा नव्हे, तर कालदर्शिकेचा करावा. ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज आहे, त्यांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. म्हणून वर्ग उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत चालवावा. दिवसातील वेळ मात्र शिकणाऱ्या बायकांनाच ठरवू द्यावी, कारण सरपंचांना सोयीची असलेली संध्याकाळची वेळ ही त्यांची नेमकी भाकरी थापण्याची वेळ असते.

आरंभ बचत गटांच्या ग्रामसंघापासून करावा. घरोघरी जाऊन बोलावण्याचे काम ओळखीच्या बाईनेच केलेले बरे. त्यानंतर ग्रामपंचायतीकडून जागा व वीज, वाचनालयाकडून वाय-फाय आणि जवळच्या महाविद्यालयाकडून शिकवणारे विद्यार्थी मागावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास सेवा द्यावी लागते. हे तास सात दिवसांच्या शिबिरात न संपवता आठवड्यातून दोनदा, काही महिने, एकाच गावाला द्यावेत, असा आग्रह प्राचार्यांकडे धरावा. कोण काय देणार, हे एका कागदावर लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

शिकवताना एक नियम कटाक्षाने पाळावा: मोबाईल शिकणारीच्याच हातात राहील. विद्यार्थी घाईने फोन स्वतःकडे घेतात, काम चटकन करून देतात, आणि ती बाई काहीच न शिकता घरी जाते. वाचता येत नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवण्यापासून सुरुवात करावी. पुढे खात्यातील शिल्लक पाहणे, सातबारा शोधणे आणि यूपीआयने पैसे पाठवणे शिकवावे. साध्या बटणांच्या फोनवरही २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सोय आहे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे प्रत्येकीकडून प्रत्यक्ष सरावाने पक्के करून घ्यावे आणि फसवणूक झाल्यास लावायचा १९३० हा क्रमांक फोनमध्ये साठवून द्यावा.

निरक्षर बाईला हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांना माण तालुक्यातील म्हसवडचा दाखला द्यावा. तेथील महिलांचा बँकेसाठीचा पहिला अर्ज, प्रवर्तक महिला निरक्षर आहेत या कारणाने नाकारला गेला होता. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

टोळ्या निघण्यापूर्वीच्या आठवड्यात प्रत्येकीने कोणाच्याही मदतीविना वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आवाजी निरोप पाठवावा आणि आपल्या खात्यातील शिल्लक पाहावी. ज्यांना हे जमले नाही, त्यांच्याजवळ गाडी येईपर्यंत पुन्हा बसावे.