यॉर्कजवळ हॉट टबवालं कॉटेज घेताय? या चुका टाळा

दुपारी साडेचारला आम्ही हेल्म्सलीजवळच्या कॉटेजवर पोहोचलो. मुलं बॅगा गाडीतच टाकून मागच्या अंगणात पळाली. दोघांनी मिळून हॉट टबवरचं, म्हणजे गरम पाण्यात बसायच्या मोठ्या टबवरचं, जाड झाकण उचललं, पण वाफ काही आली नाही. कडेच्या छोट्या पडद्यावर पाण्याचं तापमान होतं १९ अंश. सांगलीहून आलेल्या आईने पाण्यात बोटं बुडवली आणि शाल घट्ट करत म्हणाली, "अगं, आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी याच्यापेक्षा गरम असतं."

त्या रात्री कुणीच टबमध्ये उतरलं नाही. तीन रात्रींच्या सुट्टीतली एक रात्र तशीच गेली. आम्ही उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सला राहतो. त्यानंतर यॉर्कच्या आसपास अशी बरीच कॉटेजं घेतली, भारतातून येणाऱ्या नातेवाइकांनाही ठरवून दिली. होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात आणि पैसे भरण्याआधी मालकाला चार प्रश्न विचारले तर त्यातल्या बहुतेक टळतात.

पाणी गरम कधी होणार, हे न विचारणं

आधीचे पाहुणे सकाळी दहाला जातात. मग टब रिकामा करून, घासून, नव्या पाण्याने भरतात. ते तसंच व्हायला हवं, त्यात तक्रार नाही. पण चार-पाच जणांच्या टबमध्ये साधारण १२०० लीटर पाणी मावतं. थंडीत नळाचं पाणी १० अंशांच्या आसपास येतं. ते ३८ अंशांवर न्यायला जवळजवळ ३९ युनिट वीज लागते, आणि साध्या १३ अँपिअरच्या प्लगवर चालणारा हीटर फार तर ३ किलोवॉटचा. म्हणजे झाले १३ तास. दुपारी बाराला भरलेला टब रात्री एकला तयार होणार. आमच्या पडद्यावर १९ का होतं, ते हा हिशोब मांडल्यावर कळलं.

म्हणून विचारायचं ते हे: "आम्ही येऊ तेव्हा पाणी किती अंशांवर असेल?" काही मालक मोठा हीटर बसवतात, काही आधीच गरम केलेलं पाणी भरतात. ते उत्तरात लगेच सांगतात. गोलमाल उत्तर आलं तर पहिली रात्र टबशिवाय जाणार असं धरून चाला आणि त्या संध्याकाळी गावातल्या पबमध्ये जेवायला जा. लाकडावर तापणारा टब असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे तीन-चार तास चुलीत लाकडं तुम्हीच सारायची असतात. आमच्या मुलांना ते काम टबमध्ये बसण्यापेक्षा जास्त आवडलं होतं, पण दिवसभर यॉर्क फिरून दमून आल्यावर ते नको वाटतं.

पाणी तापायला उशीर होतोय असं वाटलं तर आधी झाकण नीट बसलंय का पाहा. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून हात घालून बघितलं की उष्णता निघून जाते. बुडबुडेही बंद ठेवा, कारण ते बाहेरची थंड हवा पाण्यात ओढतात. पडदाच बंद पडला असेल तर स्विच पुन्हा पुन्हा वर-खाली करू नका. पाणी आणि वीज शेजारी आहेत, थेट मालकाला फोन करा.

"यॉर्कजवळ" या शब्दावर विसंबणं

जाहिरातीतलं "जवळ" फार लांबलचक असतं. हेल्म्सली यॉर्कपासून सुमारे ४० किलोमीटर, गाडीने पाऊण तास. ईझिंगवोल्ड किंवा माल्टनच्या बाजूला घेतलं तर फेरा बराच कमी होतो. यॉर्क दोनदा बघायचं असेल तर तिकडेच घ्या. रिव्हो ॲबी या जुन्या मठाचे अवशेष, मूर म्हणजे तिथली उघडी माळरानं आणि पिकरिंगची वाफेची गाडी यासाठी येत असाल तर हेल्म्सली उत्तम. दोन्ही हवं म्हणून मधलंच कुठलंतरी गाव घेतलं की रोजचे दोन तास गाडीत जातात.

थर्स्ककडून हेल्म्सलीला येणाऱ्या रस्त्यावर सटन बँकचा घाट लागतो. चढ चारास एक, इतका उभा की कॅरव्हॅनना, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांच्या घरांना, तिथे बंदी आहे. खंबाटकी, वरंधा चालवलेल्यांना तो जड जाणार नाही, पण भारतीय लायसन्सवर भाड्याची गाडी घेऊन पहिल्याच दिवशी अंधारात त्या वाटेला जाऊ नका. शिवाय खेड्यात एकच पोस्टकोड बऱ्याच घरांना मिळून असतो. नकाशा तुम्हाला एखाद्या शेतकऱ्याच्या फाटकाशी नेऊन सोडतो आणि मोबाईलला रेंज नसते. मालकाने पाठवलेल्या वाटेच्या खुणा कागदावर उतरवून घ्या. गाडी नसेल तर कॉटेजचा विचार सोडून यॉर्क शहरातच राहा. खेड्यात टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते आणि रविवारी बसगाड्या मोजक्याच.

शहर आणि टब एकाच वेळेवर ठेवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. सकाळी टबमध्ये बसायचं, मग निवांत नाश्ता, मग यॉर्क. असं म्हणता म्हणता शहरात पोहोचायला दुपारचा एक वाजतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. यॉर्कचा सव्वातीन किलोमीटरहून जास्त लांबीचा तट चालत फिरण्यासारखा आहे, पण अंधार पडायला लागला की त्याचे दरवाजे बंद होतात. आम्ही एकदा मिकलगेट बार या तटाच्या जुन्या वेशीपाशी बंद दारासमोर उभे राहिलो होतो.

टबला अंधाराचं वावडं नाही, शहराला आहे. सकाळी नऊला निघा, गाडी शहराबाहेरच्या पार्क अँड राइडवर लावा, म्हणजे तिथे गाडी ठेवून बसने शहरात जायचं, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ तिथेच बघून ठेवा. आतल्या जुन्या गल्ल्यांमध्ये दिवसा गाड्यांना बंदीच असते. मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं मोठं चर्च, रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं, ते दुपारी उघडतं, तेव्हा रविवारची सकाळ रेल्वे संग्रहालयाला द्या. तिथे प्रवेश विनामूल्य आहे, आणि १९३८ साली ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगाचा विक्रम करणारं मॅलार्ड हे वाफेचं इंजिन समोर उभं असतं. मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले माझे बाबा त्याच्याजवळून तासभर हलले नाहीत.

तेल लावून टबमध्ये उतरणं

ही चूक खास आपल्या घरांमधली. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. आईने नातवंडांना पहाटे तेल-उटणं लावलं, अंघोळी झाल्या आणि दुपारी सगळे टबमध्ये. पाच मिनिटांत पाण्यावर पांढरा फेस, तासाभरात पाणी ताकासारखं. एका अंघोळीने केसांतलं खोबरेल निघत नाही आणि ते जंतुनाशकाशी झटापट करतं. टब पुन्हा भरावा लागला, म्हणजे परत तेच १३ तास. मालकीणबाई रागावल्या नाहीत, पण पाणी बदलायचे पैसे घेतले आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा अभ्यंगस्नान घरी, टब दुसऱ्या दिवशी. साबणाने अंग धुऊनच उतरा, केस वर बांधा. पोहण्याचे कपडे साध्या पाण्यात खळबळून आणा, कारण त्यात राहिलेल्या साबण पावडरनेही फेस येतो. चांदीच्या पैंजणांचा रंग या पाण्यात उतरतो. गढूळ पाण्यात किंवा डोळ्यांना झोंबणाऱ्या उग्र वासाच्या पाण्यात बसू नका. उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, असं आपण समजतो. खरं तर घामाशी, तेलाशी झगडून क्लोरीन थकलं की तसा वास येतो. डब्यातली औषधं अंदाजाने टाकू नका. ते काम मालकाचं. अस्वच्छ टबमुळे एक-दोन दिवसांनी अंगावर लाल पुटकुळ्या उठतात.

रविवार आणि स्वयंपाकघर

इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात. संध्याकाळी पाचला दूध शोधत फिरायची वेळ येते. कढीपत्ता, पोहे, डाळी लीड्स किंवा ब्रॅडफर्डमधूनच घ्या. कॉटेजमध्ये इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही. फोडणी देताना खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. तेल सिंकमध्ये ओतू नका, बऱ्याच ठिकाणी मागे सेप्टिक टँक असते.

आई-बाबांना आणि लहानग्यांना गृहीत धरणं

वज्रेश्वरीच्या कुंडात बसलेली माणसं हॉट टबलाही तसंच समजतात. तो झरा नव्हे, तापवलेलं नळाचं पाणी आहे. (खरे गरम झरे बाथ शहरात आहेत, उगमापाशी ४६ अंशांचे. पण तिथल्या रोमन स्नानगृहात उतरता येत नाही, ते फक्त बघायचं. डुंबायचं असेल तर शेजारचं थर्मे स्पा आहे आणि तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही.) हॉट टबचं पाणी ४० अंशांपर्यंत जातं. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, गरोदर बायकांनी तो टाळलेला बरा असं सांगते. लहान मुलांसाठी वयाची अट असते, ती बुकिंगआधी वाचा. दारू पिऊन बसू नका आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

बाबांना डॉक्टरांनी नकोच म्हटलं होतं. ते कानटोपी आणि स्वेटर घालून कडेच्या लाकडी पायरीवर बसले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात सोडले. पडद्यावर ३८ होतं. मुलं गळ्यापर्यंत पाण्यात, वर चांदण्या, आणि बाबा त्यांना भुसावळच्या लोकोशेडमधल्या गोष्टी सांगत होते.