भरतीच्या पॅकेटमधला आकडा आणि सी भाषेतलं पॉइंटर कास्टिंग

समजा, मिरकरवाडा बंदरात भरतीची पातळी मोजणारा सेन्सर बसवलाय. तो ७ बाइटांचं पॅकेट पाठवतो: १ बाइट स्टेशन क्रमांक, ४ बाइट पातळी मिलिमीटरमध्ये, २ बाइट चेकसम (पॅकेट बिघडलं का, हे तपासायचा आकडा). बरेच जण बफरमधल्या (आलेलं पॅकेट ठेवलेल्या बाइटांच्या ॲरेमधल्या) दुसऱ्या बाइटचा पत्ता थेट ३२-बिट इंटीजर पॉइंटरमध्ये कास्ट करून, म्हणजे टाइप बदलून, वाचतात. लॅपटॉपवर ते बहुधा चालतंही, आणि तिथेच फसगत होते.

बफर ४ च्या पटीतल्या पत्त्यावर असेल, तर दुसऱ्या बाइटचा पत्ता ४ च्या पटीत नसतो. कॉर्टेक्स-एम झिरो हा छोट्या उपकरणांतला प्रोसेसर अशा पत्त्यावरून ३२-बिट वाचन करत नाही, सरळ हार्ड फॉल्ट देतो, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच अडतो. शिवाय कॅरेक्टर ॲरे इंटीजर म्हणून वाचणं स्ट्रिक्ट एलियासिंगमध्ये (एका टाइपचा डेटा भलत्याच टाइपच्या पॉइंटरने वाचू नये, या सी च्या नियमात) बसत नाही. जीसीसी हा कंपायलर ओ-टू या ऑप्टिमायझेशन पातळीला हा नियम पाळला आहे असंच धरून चालतो, त्यामुळे बफर बदलला तरी जुनीच किंमत हाती येऊ शकते.

त्यापेक्षा ३२-बिट व्हेरिएबल घ्या आणि मेमकॉपी या बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शनने चार बाइट त्यात उतरवा. वेगाची चिंता नको. कंपायलरचा ऑप्टिमायझर सहसा फंक्शन कॉल काढूनच टाकतो.

सेन्सर मोठा बाइट आधी पाठवत असेल तर मेमकॉपीऐवजी शिफ्ट वापरा: प्रत्येक बाइट आधी ३२-बिट अनसाइन्डमध्ये बदला, मग २४, १६, ८, ० ने डावीकडे सरकवून ऑर करा. आधी बदललं नाही, तर १२८ किंवा जास्त किमतीचा बाइट २४ ने सरकताना साइन बिटवर आदळतो.

उलट दिशेला, कोणताही ऑब्जेक्ट अनसाइन्ड कॅरेक्टर पॉइंटरने बाइट-बाइट वाचायला हरकत नाही. व्हॉइड पॉइंटर (टाइप न सांगणारा पॉइंटर) मात्र मूळ टाइपमध्येच परत आणा. मेमरी मागणाऱ्या मॅलॉक फंक्शनपुढे कास्ट लिहायची सी मध्ये गरजच नाही.