ट्रेडमिल येण्याआधी: मागची जागा, वरचं छत आणि पॉवर पॉइंट

ट्रेडमिलसाठी जागा ठरवताना फक्त यंत्राची लांबी-रुंदी मोजली तर फसगत होते. यंत्र साधारण १७० ते २०० सेंटिमीटर लांब आणि ७५ ते ९० सेंटिमीटर रुंद असतं. त्याशिवाय मागे २ मीटर आणि दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर जागा मोकळी हवी. मागच्या २ मीटरवर अजिबात तडजोड करू नका. तोल गेला की पट्टा माणसाला मागे ढकलतो. मागे लगेच भिंत असेल तर माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो, आणि पट्टा कातडी सोलत राहतो. म्हणून यंत्राचं तोंड भिंतीकडे आणि पाठ मोकळ्या खोलीकडे असावी. मागे काचेचं दार, कपाट किंवा पलंगाची कड नको.

जमिनीवर चिकटपट्टीने यंत्राचा आणि मोकळ्या जागेचा चौकोन आखा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. दारं, ड्रॉवर उघडून बघा. कुठे अडतं ते तेव्हाच कळतं.

छताचा हिशोब असा करा: घरातल्या सर्वांत उंच माणसाची उंची, अधिक डेकची, म्हणजे पट्ट्याखालच्या फळीची, जमिनीपासूनची उंची (१५ ते २५ सेंटिमीटर), अधिक धावतानाची उसळी (१५ सेंटिमीटर). चढ देणारं मॉडेल असेल तर १५ टक्के चढाला डेकचं पुढचं टोक आणखी २० सेंटिमीटरच्या आसपास वर जातं. म्हणजे चढ धरून १८० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला २३० ते २४० सेंटिमीटर लागतात. छताला पंखा असेल तर माप पात्याच्या खालच्या कडेपासून घ्या आणि शक्यतो यंत्र पंख्याखाली ठेवूच नका. घाम पुसायला हात सहज वर जातो.

आता वीज. नवं यंत्र बिघडण्याची बरीच कारणं इथेच सापडतात. १५०० वॅट घेणारं यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतं, आणि सुरू होताना किंवा वजनदार माणूस सावकाश चालत असताना त्याहून जास्त. त्यामुळे १५-१६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा आणि त्याची लाइन स्वतंत्र हवी. फ्रिज, इस्त्री किंवा एसी त्याच लाइनवर नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. त्याच्या बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, प्लग तापतो, पिना काळ्या पडतात आणि शेवटी कंट्रोल बोर्ड जातो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या. पट्टा घासून स्थिर वीज तयार होते. अर्थिंग कच्चं असेल तर हँडलला चटके बसतात आणि डिस्प्ले मध्येच बंद पडतो.

जमीन सपाट हवी. यंत्र तिरकं डगमगत असेल तर खालचे पाय फिरवून समपातळी साधा, नाहीतर पट्टा एका बाजूला सरकत राहील. खाली ४ ते ६ मिलिमीटरची घट्ट रबरी मॅट पुरते. योगासनाची मऊ मॅट दबते आणि यंत्र कलतं. विनाइलच्या फरशीवर मात्र रबर थेट टाकू नका, पिवळट-तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. जाड गालिचाही नको. त्याचे धागे मोटरमध्ये ओढले जातात.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर यंत्र खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या जवळ घ्या. स्लॅब मध्यावर जास्त हलतो. मॅटमुळे मोटरचा आवाज थोडा दबतो, पण पावलांची धपधप खालच्या घरात जातेच, त्यामुळे कोणाच्या झोपायच्या खोलीवरची जागा टाळा. बाल्कनीत ठेवायचा विचार सोडून द्या. दमटपणा मोटर आणि बोर्ड दोन्ही खातो.

खोकं यंत्राहून मोठं असतं. दाराची चौकट, जिन्याचं वळण आणि लिफ्ट यांतलं सर्वांत अरुंद माप खोक्याच्या मापाशी ताडून बघा. खोकं जागेवर नेऊनच उघडा. घडीच्या मॉडेलला बांधलेली पॅकिंगची पट्टी यंत्र जमिनीवर आडवं असतानाच कापा, कारण डेक उसळून वर येऊ शकतो. जोडताना खांबातून जाणारी वायर चिमटली जाणार नाही याकडे लक्ष द्या. डिस्प्ले लागत नसेल तर आधी तिथेच बघा. सगळे बोल्ट आधी सैल बसवून मग आवळा.

पहिल्यांदा चालू करताना पट्ट्यावर नाही, बाजूच्या पायपट्ट्यांवर उभे राहा आणि सर्वांत कमी वेग ठेवा. पट्टा डावीकडे सरकला तर मागचा डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, मिनिटभर थांबून पुन्हा बघा. उजवीकडे सरकला तर उजवा. घरात लहान मूल असेल तर वापर झाल्यावर सेफ्टी की (जी लावल्याशिवाय यंत्र चालत नाही) काढून उंच ठिकाणी ठेवा आणि प्लगचं बटण बंद करा.