नवीन सुपरवायझर झालात? मग महिनाअखेरीला लाइन अशी सांभाळा

चाकण-भोसरीकडच्या मशीन शॉपमध्ये २५ तारखेनंतर काय होतं ते सगळ्यांना माहितीये, डिस्पॅचवाले डोक्यावर बसतात, मटेरियल उशिरा येतं, साहेबांचे फोन सुरू होतात आणि नवीन सुपरवायझर आरडाओरडा सुरू करतो कारण त्याने आधीच्याला तेच करताना पाहिलेलं असतं. त्या दिवशी नग निघतात, हे खरंय. पण पुढच्या आठवड्यातलं रिजेक्शन (तपासणीत नापास झालेले नग) आणि हजेरी बघा.

आधी ताण कसला आहे ते शोधा. टार्गेट मोठं असलं तर माणूस झेलतो, कधीकधी त्याला चेवही येतो. पण माप तपासायचं गेज मिळत नाही, इन्सर्टसाठी (कटिंग टूलच्या बदलायच्या पात्यांसाठी) स्टोअरसमोर ताटकळायचं, प्लॅन सारखा बदलतो आणि वर बोलणीही ऑपरेटरनेच खायची, याने माणूस खचतो. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं की कामाचा बोजा जास्त आणि आपल्या कामात आपल्याला काहीच ठरवता येत नाही असं दोन्ही एकत्र आलं की ताण सगळ्यात वाईट. टार्गेट तुमच्या हातात नाहीये ना, मग निदान कोणता जॉब आधी लावायचा, सेटिंग कधी बदलायचं हे लाइनवरच्यांना ठरवू द्या, त्यांना ते आपल्यापेक्षा नीट कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चूक सांगायला आलेल्यावर ओरडू नका. टीम कशा काम करतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये अभ्यास केला तेव्हा चांगल्या लीडरच्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथे लोक चुका लपवत नव्हते. आपल्याकडे बोअर ओव्हरसाइज गेला, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं झालं, आणि ऑपरेटर घाबरलेला असला तर तो पीस गुपचूप चांगल्या पीसच्या बिनमध्ये जातो, कस्टमरकडे सापडतो आणि मग अख्खा लॉट सॉर्टिंगला, रविवारी, आपणच. म्हणून पहिला प्रश्न "किती पीस गेले, मशीन थांबवलं का?" कोणी केलं ते नंतर.

पण सगळंच विचारून करायचं असंही नाही हां. नवीन ट्रेनीला स्पष्ट सांगावंच लागतं, आणि प्रेस मशीनच्या सेफ्टी गार्डबद्दल चर्चा नाही, गार्ड नाही तर मशीन बंद.

शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं उभ्याउभ्या विचारा, "आज कुठे अडेल?" बोर्डवर लिहा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं काय झालं ते सांगा, नाही झालं तरी सांगा, नाहीतर उद्या कोणी तोंड उघडणार नाही. ओटी (ओव्हरटाइम) आदल्या दिवशी विचारा, सुटायच्या वेळेला अडवू नका, घरी माणसं वाट बघत असतात.

आणि एक, सुरुवातीला नोंदवलेलं रिजेक्शन वाढलेलं दिसेल कारण आधी लपलेलं वर येतं, तेव्हा साहेबांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे आकडा बघून ते थेट लाइनवर येऊन पोरांना झापणार नाहीत.