शिडाच्या होडीत पाणी झिरपतंय? रेझिन नंतर, आधी गळती शोधा

मांडवी नदीत दोन तास फिरून आल्यावर होडीच्या आतलं पाणी काढायचं बूच उघडलं की कपभर पाणी निघतंच. त्याची काळजी नको. तांब्याभर निघू लागलं की कामाला लागा. हे सगळं लेझरसारख्या (एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी), डेकने म्हणजे वरच्या पृष्ठभागाने बंद असलेल्या फायबरच्या होडीबद्दल आहे.

निघालेलं चमचाभर पाणी काळ्या ताटलीत वाळवा. मीठ उरलं तर पाणी नदीचं, नाही तर उघड्यावर ठेवलेल्या होडीच्या डेकमधून पाऊस मुरतोय. भर पावसाळ्यात ही परीक्षा फसते, कारण तेव्हा पणजीपाशीही वरचं पाणी जवळजवळ गोडं असतं.

तळालाच चीर गेली असेल असं वाटतं, पण दोषी बहुधा बुचाचं वॉशर, रडरच्या (सुकाणूच्या) बिजागऱ्यांचे स्क्रू किंवा डोलकाठी जिच्यात उभी राहते ती डेकमधली खाच असते. खाचेत काठोकाठ पाणी भरा आणि अर्ध्या तासाने बघा. पातळी उतरली तर दुरुस्तीआधी शीड चढवू नका. जोराच्या वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून बाहेर येते.

बाकीच्या जागांसाठी साबणाचं पाणी. कॉकपिटच्या (बसायच्या खोलगट जागेच्या) पुढच्या भिंतीतलं हवेचं बारीक भोक टेपने बंद करा, बुचाच्या जागी नळी बसवून तोंडाने फुंका आणि सांध्यांवर, स्क्रूंवर फेस लावा. बुडबुडे येतील तिथे खूण करा. कॉम्प्रेसर अजिबात नको, डेक आणि तळाचा सांधा उकलतो. काम झाल्यावर टेप काढाच: उन्हात आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट हवी.

दुरुस्तीआधी आतून गोड्या पाण्याने धुवा आणि पंखा लावून दोन-तीन दिवस वाळवा. ओल्या फायबरवर रेझिन (हार्डनर घातल्यावर कडक होणारा चिकट द्रव) धरत नाही, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकलेलं बरं.

सैल झालेल्या ५ मिमी स्क्रूचं भोक ८ मिमीचं करा, असिटोनने पुसा आणि घट्ट करायची पावडर घालून श्रीखंडाइतकं दाट केलेलं इपॉक्सी रेझिन भरा. दुसऱ्या दिवशी त्यात नवं बारीक भोक पाडून ३१६ स्टेनलेसचा स्क्रू पॉलीयुरेथेन सीलंटमध्ये बसवा. सीलंट कडेने जरा बाहेर आलं की थांबा; आणखी आवळलं तर मध्ये काहीच उरत नाही. सिलिकॉन स्वस्त पडतं, पण त्यावर पुढे ना रंग धरतो ना रेझिन.

चीर असेल तर तिच्या कडा जाडीच्या बारा पट रुंदीच्या उतारात घासा: ३ मिमी जाडीला दोन्ही बाजूंना ३६ मिमी. इपॉक्सीसोबत विणलेलं ग्लास क्लॉथ घ्या; मॅटमधले (न विणलेल्या काचतंतूंच्या चटईतले) तंतू धरून ठेवणारा बाइंडर बहुधा पॉलिएस्टर रेझिनमध्येच विरघळतो. एम-सील फक्त किनाऱ्यापर्यंत पोचण्यापुरतं.

पॉलिएस्टर रेझिन घेतलंत तर दुकानात कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आणि हार्डनर वेगळे मिळू शकतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, मग हार्डनर घाला. ते दोन थेट एकत्र केले तर स्फोट होऊ शकतो. गोव्याच्या उन्हाळ्यात हार्डनर १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅमला १ ग्रॅम पुरे. जास्त घातलं तर ब्रश फिरण्याआधीच डबा घट्ट होतो.